ट्रॅशमधलं नागपूरचं पत्र

दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात यजमानांच्या वह्या आहेत. कोणत्या गावचं घराणं कधी काशीला आलं, सोबत कोण होतं, कोणाचं श्राद्ध केलं, हे आधी मोडीत आणि पुढे बाळबोधीत लिहिलेलं. माझे सासरे, अण्णा, तीर्थोपाध्याय. पूर्वी यजमानांची पोस्टकार्डं यायची, आता ई-मेल येतात. माजघरातल्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये ते वाचायचे आणि अण्णा सांगतील तसं उत्तर लिहायचं, हे काम माझ्याकडे आहे.

पितृपक्ष जवळ आला की पत्रं वाढतात आणि कचराही. लॉटरी, कर्ज, 'तुमचं खातं बंद होणार'. सगळ्यांत वाईट म्हणजे विश्वनाथाची पूजा आणि घरपोच प्रसाद यांच्या नावानं पैसे मागणारी, मंदिराशी काडीचा संबंध नसलेली पत्रं. ती पाहिली की अण्णांचा तोल जायचा. "देवाच्या नावावर लुबाडतात मेले!"

धाकटे दीर सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी बंदोबस्त करून देतो." त्यांनी दिसेल तो पत्ता ब्लॉक केला आणि वर एक फिल्टर लावला: विषयात 'पेमेंट' असेल तर पत्र थेट ट्रॅशमध्ये. कचरा बराच कमी झाला.

मग नागपूरहून फोन आला. आवाज अगदी अवघडलेला. "गुरुजी, वडिलांच्या अस्थी घेऊन यायचंय. दोनदा लिहिलं, उत्तर नाही. पिशाचमोचन कुंडावर त्रिपिंडी श्राद्धही करायचंय, तिकिटं खोळंबलीत." मी ट्रॅश उघडला. कर्जाच्या आणि लॉटरीच्या पत्रांमध्ये त्यांची दोन्ही पत्रं पडलेली. फोन करणारा मुलगा कंपनीत नोकरीला, त्यानं ऑफिसच्या सवयीनं विषय लिहिला होता: 'ॲडव्हान्स पेमेंट फॉर तर्पण'. खाली गोत्र, आजोबांचं नाव, मूळ गाव. अण्णांनी वही काढली, घराणं लगेच सापडलं. पण ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वडील गेलेल्या माणसाला आपल्या दारातून उत्तर मिळू नये, हे त्यांना फार लागलं. मलाही.

पत्ते ब्लॉक करून खरा चोर अडत नाही, कारण तो रोज नवा पत्ता लावतो. पाकिटावर प्रेषकाचं नाव कोणीही काहीही लिहावं, तशीच ई-मेलची मूळ व्यवस्था आहे. तिचे नियम 1982 सालचे, मोजकी यंत्रं एकमेकांवर विश्वास टाकत होती त्या काळातले. खरं तर कचऱ्याची सुरुवात त्याआधीच झाली होती: 3 मे 1978 रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क यांनी आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे 400 जणांना एकदम पाठवली होती. प्रेषक खरा की खोटा हे तपासायच्या सोयी फार उशिरा आल्या. साडीचं दुकान, प्रवासी कंपनी असे खऱ्या नावानं लिहिणारे असतील तर ब्लॉक कामाला येतं. त्यांच्या बाबतीत 'अनसबस्क्राइब' आणखी बरं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू मोठ्या प्रेषकांकडून ही सोय एका क्लिकवर मागतात. ठगाच्या पत्रात मात्र ते बटण दाबू नये, पत्ता चालू आहे हे त्याला कळतं.

दिरांशी फोनवर बोलून मी 'पेमेंट'चा फिल्टर काढला आणि थंडरबर्डचं जंक ओळखणं सुरू केलं. कचऱ्यावरच्या ज्वाळेच्या खुणेवर क्लिक करायचं, आणि चांगलं पत्र चुकून जंकमध्ये गेलं तर 'नॉट जंक' म्हणायचं. ही दुसरी बाजू बहुतेक घरांत राहूनच जाते. थंडरबर्डचं हे ओळखणं ज्या पद्धतीवर चालतं, तिचा पुरस्कार प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी ऑगस्ट 2002 मध्ये केला होता. तिच्यात एका शब्दावर निकाल लागत नाही. 'पेमेंट'शेजारी 'लॉटरी' आहे की 'तर्पण' आणि 'गोत्र', हे सगळं मिळून तोललं जातं. म्हणून आमच्या घरचं जंक आमच्याच पत्रांवरून शिकतं.

आता संध्येनंतर अण्णा विचारतात, "जंक पाहिलंस का गं?" मेल सेवेचा स्वतःचा स्पॅम फोल्डरही मी बघते, जीमेलवर तो 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो. आपली पत्रंही यजमानांकडे स्पॅममध्ये पडत असतील, हे अण्णांनाच सुचलं. तेव्हापासून तिथी कळवताना मी शेवटी आमचा फोन नंबर देते आणि लिहिते, की पुढचं पत्र वेळेत दिसलं नाही तर स्पॅममध्ये पाहा आणि तरीही नसेल तर सरळ फोन करा.