फाळाची धार

उर्दूच्या तासाला ‘तीर’ हा शब्द आला की मी मुलांना सांगतो, हा फारसीतून आला आणि मराठीत घरचा झाला. तीरंदाज, कमान, शिकार हे त्याचेच सोबती. बाणाच्या लोखंडी टोकाला उर्दू शायर ‘पैकान’ म्हणतात. गझलेतला पैकान काळजात रुततो आणि शायर त्या जखमेचंही कौतुक करतो. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर मात्र तिरकमठा हे कौतुकाचं नव्हे, पोटाचं साधन होतं.

मराठीच्या वर्गातल्या माझ्या एका विद्यार्थ्याचा आजा बाणाला फाळ बसवण्यात वाकबगार. मी दोन-तीनदा त्याच्या ओट्यावर बसून हे काम समजून घेतलं. काठी बारीक बांबूची, पण पुरती वाळलेली हवी. ओली असली तर वाळताना वाकते आणि फाळही सैल होतो. ती विस्तवावर शेकून सरळ करायची आणि एक डोळा मिटून वाक राहिलाय का ते पाहायचं. फाळाला मागे निमुळती शेपटी असते, ती काठीच्या पोकळ टोकात जाते. नुसती ठोकली तर बांबू उभा चिरतो. म्हणून आधी टोकावर दोरा घट्ट गुंडाळायचा, मग आत राळ किंवा लाख वितळवून भरायची, शेपटी तापवून सरळ आत सारायची आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही.

शेवटी परीक्षा. बाण बोटांत धरून गरागरा फिरवायचा. फाळाचं टोक एका जागी स्थिर दिसलं तर बसवणी साधली. टोक डगमगलं तर पुन्हा तापवून काढायचा. रुंद फाळ वाऱ्यावर पंखासारखा वागतो. तो जरा जरी तिरका असला तरी मागच्या पिसांना न जुमानता बाण भलतीकडे नेतो. परदेशात जिथे धनुष्याने शिकारीला परवाना मिळतो, तिथे वस्तऱ्यासारख्या पात्यांचे, आट्यांनी फिरवून बसवायचे फाळ विकत मिळतात. तिथेही बाण फिरवून बघण्याची हीच रीत आहे.

धारेबद्दल आजा फार काटेकोर. “गुरुजी, बोथट फाळानं जनावर मरत नाय. पळतं, रानात जाऊन कुजतं.” बंदुकीची गोळी मोठ्या धक्क्याने मारते. बाणाला तेवढा जोर नसतो, तो रक्तवाहिन्या कापून मारतो. म्हणून धार कमी तेवढ्या जनावराच्या यातना जास्त.

हे ऐकताना मला मदरशात शिकलेला एक धडा आठवला. अदी बिन हातिम, म्हणजे दानशूर हातिमताईचा मुलगा, शिकारीचा शौकीन होता. त्याने पैगंबरांना विचारलेले प्रश्न बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहेत. त्यातला एक बाणाच्या माराबद्दलचा. उत्तराचा आशय असा, की अल्लाहचं नाव घेऊन सोडलेल्या बाणाची धार लागून जनावर मेलं तर ते खावं, पण आडवा फटका बसून मेलं तर खाऊ नये. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मार बसून मेलेलं जनावर निषिद्ध आहेच. कुठलंही जनावर कापण्याआधी सुरीला धार लावावी आणि त्याचे हाल टाळावेत, अशीही शिकवण आहे.

मी आजाला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “मग पाखराचं काय?” पाखरासाठी ते लाकडी बोथट टोकाचा बाण वापरत, मांस फाटत नाही आणि बाण फांदीत रुतून बसत नाही. मी म्हणालो, त्या फटक्याने पाखरू मेलं तर आमच्यात चालत नाही. जिवंत सापडलं तर जबह करून चालतं. आजा हसला. “म्हंजे तुमच्यातबी धारेला मान हाय.”

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. तानसा अभयारण्याचं रान आमच्या तालुक्यातच आहे. रान उरायला हवं तर बंदी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बंदी शिकारीवर आहे. त्या हातांतल्या जाणकारीवर नाही. लोक मात्र दोन्ही एकाच मापाने मोजतात. वर्गातल्या पोरांनी या मुलाला ‘जंगली’ म्हटलं, तेव्हापासून तो आजाचं नाव काढेनासा झाला.

2023च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, बाण सरळ का जातो? सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून हा उठला आणि काठी, पिसं, फाळ, फिरवून बघणं, सगळं सांगत गेला. पुस्तकात नसलेला धडा होता तो. कोणी हसलं नाही.

नंतर मी सगळ्यांना घरातल्या एका हत्यारावर निबंध लिहायला दिला. त्याने आईच्या विळ्यावर लिहिलं. मूठ ढिली झाली की शेपटी तापवून लाख भरून ती कशी बसवायची, हे आजाने त्याला शिकवलंय. म्हणजे विद्या मेलेली नाही, बाणावरून विळ्यावर आलीय.

निबंध दीड पानावर थांबलाय. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले, तोही गेला. भट्टीचा हंगाम पावसाच्या तोंडाशी संपतो. तोवर शाळा त्याच्या हातून सुटली, तर आजाकडे उरलेलं शिकणंही सुटेल. त्याची वही मी कपाटात ठेवली आहे. हजेरीपटावरचं त्याचं नाव मात्र दररोज मोठ्याने घेतो, म्हणजे वर्गाला त्याचा विसर पडणार नाही.