खेळण्यांच्या गावात मोडका ट्रक

मित्रांनो, प्लॅस्टिकच्या मॉडेलचं खोकं तुम्ही कधी उघडलंय? विमानाचे पंख, चाकं, दारं असे सगळे भाग एका चौकटीला बारीक काड्यांनी चिकटलेले असतात. आपण ते खुडायचे आणि जोडायचे. आता कल्पना करा, तुम्ही रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलात आणि समोर तशीच एक चौकट उभी आहे, पण चांगली मोठी! आणि तिच्यात बसवलीय चक्क टपालपेटी. खोटी नाही हं. तिच्यात टाकलेलं पत्र खरोखर पोचतं.

हे आहे जपानमधलं शिझुओका शहर. २०२१ पासून या शहरानं अशा चौकटी ठिकठिकाणी उभ्या केल्या आहेत. का, तर जपानमधली बहुतेक प्लॅस्टिक मॉडेलं याच भागात तयार होतात. इथल्या लोकांना त्याचा कोण अभिमान!

तोक्योपासून शिझुओका सुमारे १८० किलोमीटर. 'हिकारी' ही बुलेट ट्रेन धरलीत तर तासाभरात पोचाल. पण तिकीट काढताना जपून! सगळ्यांत वेगवान 'नोझोमी' इथं थांबतच नाही. आणि जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा. हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो. आम्ही गेलो तेव्हा ढगच ढग होते. पण माझ्या सोबतच्या पाहुण्याला त्याचं काही नव्हतं. तो मांडीवरची पिशवी सांभाळत बसला होता. पिशवीतून एक चाक बाहेर लोंबत होतं.

हा पाहुणा म्हणजे माझा भाचा. माझी ताई तोक्योच्या निशी-कासाई भागात राहते. तिथं भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. भाचेबुवा आठवीत. नवीन वर्षाला जपानी मुलांना मोठ्यांकडून पाकिटात पैसे मिळतात. दोन वर्षांचे ते पैसे साठवून त्यानं रेडिओवर चालणारा ट्रक घेतला होता. दुकानातलं तयार खेळणं नव्हे बरं का! सुटे भाग आणून, स्क्रू पिळून, स्वतः जोडलेला. खऱ्या ट्रकच्या एकदशांश मापाचा.

तीन महिन्यांतच आराकावा नदीकाठच्या दगडावर पुढचं चाक आपटलं आणि नायलॉनचा आर्म मोडला. आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात. भाचेबुवांनी ठरवलं, आता नायलॉन नको. अॅल्युमिनियमचे चकचकीत आर्म बसवले. पुन्हा दगड आला, पुन्हा चाक आपटलं. आर्म शाबूत! पठ्ठ्या नाचलाच. मग लक्षात आलं की आर्म ज्या सांगाड्याला बसवला होता, त्याचंच नाक उभं चिरलंय. एक आर्म किरकोळ पैशांत मिळतो. सांगाडा बदलायचा तर अख्खा ट्रक उसवावा लागतो. ताईनं सांगून टाकलं, "आता एक येनसुद्धा मिळणार नाही. ठेव तो कपाटात!"

म्हणून आम्ही शिझुओकाला निघालो होतो. त्याच्या खिशात उरलेसुरले पैसे होते, आणि हा शेवटचा प्रयत्न होता.

हे शहर खेळण्यांचं कसं झालं, ते ऐका. शोगुनांच्या काळात इथल्या सेंगेन देवळाच्या बांधकामासाठी दूरदूरचे सुतार, रंगारी, लाखकाम करणारे आले आणि इथंच राहिले, असं सांगतात. लाकडाचं काम गावाच्या हातात मुरलं. १९४६ मध्ये तामिया कुटुंबानं इथं लाकडाची गिरणी सुरू केली. गिरणीबरोबर लाकडी मॉडेलं आली. १९६० मध्ये त्यांनी पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं, 'यामातो' युद्धनौकेचं. १९७६ मध्ये त्यांची पहिली रेडिओवर चालणारी गाडी आली, पोर्शे ९३४. पुढे वाळूत धावणाऱ्या बग्या आल्या आणि १९८७ मध्ये आला 'क्लॉड बस्टर'. भली मोठी चाकं, दोन मोटरी आणि चारही चाकं वळणारी! तुमच्या आईबाबांच्या वयाचे लोक अजूनही तो ट्रक सुधारत बसलेले असतात.

दर मे महिन्यात इथं मोठं हॉबी प्रदर्शन भरतं. आम्ही मात्र गेलो एका गल्लीतल्या छोट्या दुकानात. छतापर्यंत खोकी, आणि गल्ल्यामागे डोळ्याला भिंग लावलेले एक आजोबा. भाच्यानं वाकून नमस्कार केला आणि पिशवी पुढे ठेवली. आजोबांनी ट्रक उलटा करून बराच वेळ पाहिला. मग त्यांनी एक खण उघडला. आत काय असेल? नुसते मोडके भाग! वाकलेल्या दांड्या, तुटलेले सांधे, दात झडलेली चक्रं.

त्यांनी नायलॉनचा आर्म बोटांत धरून वाकवला आणि सोडला. तो टुणकन सरळ झाला. मग अॅल्युमिनियमचा एक आर्म दाखवला. तो वाकला होता आणि वाकलेलाच राहिला होता. आजोबा काहीतरी बोलले. भाचा एकदम गप्प झाला.

"काय म्हणाले रे?" मी विचारलं.

"मावशी, ते विचारतायत, पुढच्या वेळी काय मोडायला हवंय?"

मित्रांनो, नीट विचार करा. दगडावर आपटल्यावर बसलेला धक्का नाहीसा होत नाही. एक भाग कणखर केला की तो पुढच्या भागाकडे जातो. नायलॉन वाकून त्यातला बराच धक्का पचवतं, धातू तो तसाच पुढे ढकलतो. तुमच्या घरातला फ्यूज आठवा. तो मुद्दाम कमजोर तारेचा असतो, कारण घरातली बाकीची वायर जळण्याऐवजी तो जळालेला परवडतो.

मग ट्रक मजबूत करायचाच नाही का? करायचा की! पण कुठं, ते ओळखून. आजोबांनी कागदावर यादी करून दिली.

पहिलं म्हणजे बॉल बेअरिंग. स्वस्त ट्रकमध्ये चाकं प्लॅस्टिकच्या बुशवर फिरतात. वाळू शिरली की बुश झिजतात आणि चाकं डुगडुगतात. दुसरे शॉकअॅब्सॉर्बर. नुसत्या स्प्रिंगचा ट्रक बेडकासारखा उड्या मारतो. आत तेल आणि भोकं असलेली दट्ट्याची चकती असली, की तेल त्या बारीक भोकांतून जाताना स्प्रिंगची उडी जिरते. तिसऱ्या, चाकं वळवणाऱ्या दांड्या. त्या स्टीलच्या घ्यायच्या, कारण त्या वाकल्या तर गाडी सरळ जातच नाही. दांडीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. दांडी नुसती फिरवली की लांबी कमीजास्त होते आणि चाकं सरळ करता येतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. चाकं वळवणाऱ्या छोट्या यंत्राला सर्व्हो म्हणतात. त्याच्या पोटात नाजूक दातेरी चक्रं असतात. चाक आपटलं की धक्का दांडीतून थेट त्या दातांवर येतो. म्हणून मध्ये 'सर्व्हो सेव्हर' बसवतात. ही स्प्रिंगची कडी धक्क्याच्या वेळी क्षणभर सरकते आणि परत जागेवर येते. ती फार मऊ असेल तर ट्रक वळायला कुरकुरतो, फार ताठ असेल तर चक्रांचे दात जातात.

आणि आर्म? यादीत आर्मपुढे एकच शब्द होता: नायलॉन!

जुना वापरलेला सांगाडा, नायलॉनचे आर्म आणि सर्व्हो सेव्हर एवढ्यात भाचेबुवांचा खिसा रिकामा झाला. बेअरिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर पुढच्या नवीन वर्षाला! निघताना मात्र आम्ही काळ्या रश्श्यातलं, काड्यांवर टोचलेलं ओदेन खाल्लं. ते माझ्या खर्चानं. शिझुओकाला जाल तर ते चुकवू नका.

पुढच्या रविवारी आम्ही नदीकाठी गेलो. ताईसुद्धा आली, पण हाताची घडी घालून. ट्रक सुसाट सुटला, वळला आणि नेमका त्याच दगडावर धडकला! भाचा धावत गेला. मी डोळेच मिटले.

"मावशी, दांडीच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी निसटलीय फक्त!"

त्यानं अंगठ्यानं दाबून 'टक्' आवाज केला आणि ट्रक पुन्हा पळायला लागला. थोड्या वेळानं ताईनं घडी सोडली आणि म्हणाली, "बघू, दे जरा माझ्याकडे."

रिमोट तिच्या हातून परत मिळेपर्यंत अंधार पडला होता.