पाणी स्वच्छ आहे का रे?

दर शनिवारी रात्री (म्हणजे तिकडच्या रविवारी सकाळी) पुण्याहून आईचा फोन येतो. तब्येत, जेवण वगैरे झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "उद्या बुडायला जाणार आहेस का? पाणी तरी स्वच्छ आहे का रे?"

बुडायला म्हणजे स्कूबा डायव्हिंगला. मी माँटेरेला डायव्हिंग शिकलो त्याला आता सहा वर्षं झाली, पण आईच्या लेखी ते अजून बुडणंच आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की, पाण्यात डोकं घातल्याशिवाय सांगता येत नाही.

स्कूबा म्हटलं की लोकांना निळंशार कोमट पाणी आठवतं. आमचं तसं नाही. कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर पाणी १०-१२ अंश, अंगात ७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, कानाला वारा लागू नये म्हणून बाळाला घालतात तसलं रबरी टोपडं. चांगल्या दिवशी ५० फुटांवरचं दिसतं, केल्पच्या जंगलातून उन्हाच्या तिरिपा खाली येतात, आणि माणूस देवळात गेल्यासारखा गप्प होतो. वाईट दिवशी पालकाच्या सुपात पोहतोय असं वाटतं.

कारणं सगळी पुस्तकात आहेत. वसंतात वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं, आणि त्याच्या जागी खालचं थंडगार, खताने भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लँक्टन माजतं आणि पाणी हिरवं होतं. शिवाय लाटा. लाटेचा परिणाम साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. दोन लाटांमध्ये ६ सेकंद असतील तर जेमतेम २८ मीटर, पण दूरच्या वादळातून आलेली १५ सेकंदांची लाट असेल तर १७५ मीटर! वरून समुद्र शांत दिसतो, आणि खाली सगळी वाळू ढवळलेली.

आता पीएच.डी. झालेल्या माणसाला एक वाईट खोड असते. मी एक्सेल उघडलं. खाडीबाहेरच्या ४६०४२ नंबरच्या बोयाची लाटांची उंची, वारा, भरती-ओहोटी, आणि आम्हाला दिसलेलं अंतर. ४१ डाइव्ह भरल्या. मेळ बसेना. मुळात मोजमापच धड नाही. एकाच डाइव्हनंतर मी १५ फूट लिहितो आणि माझा बडी (पाण्याखालचा जोडीदार) लिहितो ८. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने पांढरी तबकडी दोरीला बांधून ती दिसेनाशी होईपर्यंत समुद्रात सोडली होती. माझ्यापेक्षा तो बरा.

तर गेल्या वर्षी मे महिन्यात एक्सेलने २० फूट सांगितले. ब्रेकवॉटरपाशी पाण्यात शिरलो तर स्वतःच्या पायातले फिन्स दिसेनात. बडीने विचारलं, "काय करायचं?" नियम असा आहे की कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करावी आणि दुसऱ्याने 'का' विचारू नये. पण दीड तास गाडी चालवून आलो होतो, टाक्यांचं भाडं भरलं होतं, आणि एक्सेल माझं होतं. म्हटलं, "खाली स्वच्छ असेल." तसं असतंही कधीकधी, हिरवा थर वरच राहतो आणि खाली काळोखी पण नितळ पाणी मिळतं.

त्या दिवशी नव्हतं. २५ फुटांवर मी हवेचा काटा बघायला मान खाली घातली. वर केली तर बडी नाही.

एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर हळूहळू वर यायचं. तसं केलं. वर कुणीच नाही. धक्क्यावर सी लायन भुंकत होते. पाणी इतकं चुळबुळत होतं की बुडबुडे दिसायचा प्रश्नच नव्हता. दोन मिनिटं. तीन. त्याच्या बायकोने सकाळी आम्हाला कॉफीचा थर्मास भरून दिला होता, तो माझ्या गाडीत होता. तिला फोन करून काय सांगायचं? एक्सेल दाखवायचं?

पाचव्या मिनिटाला तो ४० फुटांवर वर आला, सोबत एक अनोळखी माणूस घेऊन! सगळ्यांचे फिन्स काळे. मी समजून तो त्या परक्या माणसाच्या मागे पोहत राहिला, शेवटी पाय ओढला तेव्हा भलताच चेहरा वळला. आज हसू येतं. तेव्हा कुणी हसलं नाही. गाडीपाशी तो एवढंच म्हणाला, "खाली स्वच्छ असेल असं तूच म्हणाला होतास." परतीच्या वाटेवर कॉफी तशीच राहिली.

एक्सेल अजून आहे. त्यात 'उतरलो नाही' असा एक रकाना वाढवलाय. गेल्या रविवारी धक्क्यावर उभं राहून खाली पाहिलं, पायाखालचे दगडही दिसेनात. बडीने मान हलवली. मी 'का' विचारलं नाही. जवळच्या हॉटेलात भरपेट खाऊन परत आलो.

काल आईने विचारलं, "मग, काय काय दिसलं गेल्या वेळी?"

"ऑम्लेट," म्हटलं.