कच्च्या चित्राची लाज

साध्या घरगुती कॉम्प्युटरवर एचडी व्हिडिओचं एडिटिंग होत नाही, हे मी वाडीतल्या प्रत्येक होतकरू पोराला छातीठोकपणे सांगत आलो. ग्राफिक्स कार्ड घे, रॅम वाढव, नाहीतर नाद सोड. अनुभवाचे बोल म्हणून सांगायचो. अनुभव एवढाच होता, की माझा कॉम्प्युटर टाइमलाइनवर अडकायचा.

मी झाडीपट्टीच्या नाटकांचं चित्रण करतो. दिवाळी उलटली की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे मंडई आणि शंकरपटाला धरून नाटकं लागतात. पडदा रात्री उशिरा वर जातो, खाली येतो तो पहाटे. एवढं सगळं भरून आणायचं, घरी एडिटिंगला बसायचं, तर चित्र गचके खात सरके आणि आवाज भलतीकडेच धावे. थोड्या वेळानं उठायचो आणि बर्डीच्या बाजारात जाऊन नव्या मशीनचा भाव विचारून यायचो. हार्ड डिस्कवर न कापलेल्या नाटकांचा ढीग वाढत गेला. मशीन नाही, ही सबब मला फार सोयीची होती. तेव्हा कोणी तसं तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

प्रॉक्सी मला माहीत नव्हती असंही नाही. मूळ क्लिपची हलकी, कमी दर्जाची प्रत करायची, तिच्यावर कापायचं आणि शेवटी मूळ क्लिपा लावून रेंडर करायचं. केडेनलाइव्हसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. पण धूसर चित्रावर काम करणं मला कमीपणाचं वाटे. गरिबाघरची तडजोड वाटे, आणि ज्याला आपली गरिबी लपवायची असते त्याला असल्या तडजोडीची जास्तच चीड येते.

मग वडशाला एका नाटक मंडळीच्या कार्यालयात एक पोरगा दिसला. जुना लॅपटॉप, पडद्यावर कडा विरघळलेलं चित्र. मी मनात नाक मुरडलं आणि उगाच मागे उभा राहिलो. विनोदी नटाच्या एका वाक्यावर तो थांबला होता. वाक्य संपताच कापलं. मागे जाऊन पाहिलं. मग नटाची मान वळेपर्यंत थांबला आणि तिथे कापलं. पुन्हा पाहिलं. दोन फ्रेम कमी केल्या. आता मला हसू आलं, आणि त्याच क्षणी काहीतरी टोचलं. इतक्या वर्षांत मी स्वतःचा एकही कट असा फिरून पाहिला नव्हता. मी चित्राची स्वच्छता पाहत होतो, तो नट पाहत होता.

"इतकं खराब दिसतंय, चालतं?" मी विचारलंच.

"दादा, हे कच्चं हाय. कापाले पुरते. पक्कं मागून लागते." त्यानं एक बटण दाबलं आणि तेच दृश्य मूळ तेजानं समोर आलं.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, दोष रॅमचा कमी आणि फाईलच्या बांधणीचा जास्त होता. कॅमेरा पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतो. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे मधली एक फ्रेम दाखवायची तर कॉम्प्युटरला आधीच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत यावं लागतं, आणि मागे सरकताना तर त्याची दमछाकच. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारा प्रकार वापरला, तर फाईल मोठी होऊनही हलकी चालते. कॅमेऱ्याची एव्हीसीएचडी फाईल सेकंदाला जास्तीत जास्त २८ मेगाबिटची. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणाऱ्या डीएनएक्सएचडीचा ३६ मेगाबिटचा प्रकार त्याहून जड, तरी सरळ धावतो. शिवाय १९२० बाय १०८० ऐवजी ९६० बाय ५४० केलं की पिक्सेल थेट चौथाई.

आणि ज्या सिनेमाचा मोठेपणा मी मिरवत होतो, तोही असाच कापला जायचा. संपादकाच्या हाती रश प्रिंट, म्हणजे प्रतच. निगेटिव्ह लॅबमध्ये जपून ठेवलेली. तिच्या कडेवरचे आकडे जुळवून ती शेवटी कापायची. आपल्याच महाराष्ट्रात, मालेगावात, २००० च्या सुमाराला तुटपुंज्या पैशात 'मालेगाव के शोले' हा सिनेमा तयार झाला, तेव्हा तो करणाऱ्यांजवळ कोणतं ग्राफिक्स कार्ड होतं?

आता रात्री प्रॉक्सी बनायला लावतो आणि सकाळी बसतो. फोकस नि रंग बघायचे तर मूळ क्लिपच उघडतो, कारण प्रॉक्सीत सगळेच चेहरे सारखे धूसर. ढिगातली नाटकं एकेक करून उतरताहेत. त्यातून नको ते दिसलं: अर्धा-अर्धा तास अख्खा रंगमंच एकाच चौकटीत, नटाचा चेहरा जवळून कुठेच नाही. कॅमेरा तिवईवर ठेवून मी चहाला गेलो असणार. येत्या मोसमात दुसरा कॅमेरा भाड्यानं घ्यावा, की आहे त्याच्या मागे रात्रभर उभं राहावं, हे अजून ठरत नाही.