आईच्या तारखा आणि लिहिण्याचा हक्क

घरात कायमचे आजारपण आले की सगळ्यांचे दिवस रुग्णाच्या तारखांप्रमाणे चालतात. आमच्या आईचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, रत्नागिरीला असते. आम्ही राहतो पालीजवळच्या गावात. मी मासळीच्या कंपनीत रोजावर जाते. धाकटा भाऊ भांडुपला कामाला. दवाखान्याच्या केसपेपरवर फोन नंबर त्याचाच आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलेले भांडुपला दिसत नाही. म्हणून माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने आईच्या नावाने गूगल कॅलेंडर उघडले आणि ते मला व मामाला जोडून दिले. पाचसहा महिने सारे सुरळीत चालले.

एका शुक्रवारी मी अर्धा रोज बुडवून आईला एस.टी.ने रत्नागिरीला नेले. तिथे कळले, मशीनच्या दुरुस्तीमुळे आजची पाळी उद्यावर गेली आहे. निरोप भावाला दिला होता. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, मी त्याच दिवशी लिहून ठेवलंय. माझ्या फोनवर दिसतंय." माझ्या फोनवर मात्र जुनीच तारीख. थकलेल्या आईला घेऊन परत फिरताना मनात नको ते विचार आले. पाळी पुढे गेली म्हणून निभावले. ती अलीकडे आली असती तर चुकलीच असती, आणि डायलिसिस चुकले की अंगात पाणी व पोटॅशियम साठून जिवावर बेतते.

रात्री मुलीने एकेक गाठ सोडवली. आधी आईच्या खात्यात पाहिले. तिथे नवी नोंद नव्हती, म्हणजे बिघाड माझ्या फोनचा नव्हता. मग मामाला विचारले, निमंत्रण कोणत्या ई-मेलवर घेतले? पत्ता बरोबर होता आणि त्याला जुन्या तारखाही दिसत होत्या. शेवटी त्याला नवी नोंद उघडून ती कोणत्या कॅलेंडरात आहे ते वाचायला सांगितले. तिथे त्याचे स्वतःचे नाव होते!

कारण साधे होते. गूगल कॅलेंडर दुसऱ्याला देताना हक्काच्या चार पायऱ्या असतात: फक्त वेळ मोकळी की गुंतलेली एवढेच दिसणे, सर्व तपशील दिसणे, नोंदी बदलता येणे, आणि बदलण्याबरोबर इतरांनाही हक्क देता येणे. मामाला फक्त पाहायचे आहे म्हणून त्याला दुसरी पायरी दिली होती. पाहण्यापुरताच हक्क असला की नवी नोंद करताना ते कॅलेंडर निवडताच येत नाही. नोंद आपल्याच कॅलेंडरात पडते. भाऊ खरे बोलत होता आणि मीही. दोघांच्या वह्या वेगळ्या होत्या एवढेच.

भाऊ म्हणाला, "आईचा पासवर्डच द्या ना मला." मुलीने नकार दिला. पासवर्ड दिला की आईचे ई-मेल, कागदपत्रे, सारेच उघडे पडते. शिवाय कोणी काय लिहिले ते कळत नाही. नेमून दिलेला हक्क कामापुरता असतो आणि उद्या काढूनही घेता येतो. तिने मामाला तिसरी पायरी दिली. पण हक्क दिल्याने आधी चुकीच्या जागी पडलेल्या नोंदी आपोआप हलत नाहीत. त्या भावाने एकेक करून आईच्या कॅलेंडरात नेल्या. मग त्याने 'चाचणी' म्हणून एक नोंद केली. ती माझ्या फोनवर दिसली तेव्हाच आम्ही झोपलो.

कॅलेंडर ठेवणारा सर्व्हर आणि आपला फोन यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याची 'कॅलडॅव्ह' नावाची खुली पद्धत २००७ साली ठरली. पद्धत कोणतीही असो, विचारायचे प्रश्न हेच: वही कोणाची, पाहण्याचा हक्क कोणाला, लिहिण्याचा कोणाला?

भगिनींनो, घरातल्या आजाऱ्याच्या तारखा अशा सामायिक ठेवत असाल, तर निरोप ज्याच्याकडे येतो त्याला लिहिण्याचा हक्क आहे ना, ते आजच पाहा. आणि पाळी बदलली तर लिहाच, पण एक फोनही करा. आमचा भाऊ आता दोन्ही करतो.