तोल

मार्चमध्ये लेक चार दिवस माहेरी आली, तेव्हा तिच्या बॅगेपेक्षा हातातलं खोकंच मोठं होतं. उघडलं तर आत विमान! रिमोटवर उडणारं, पांढऱ्या फोमचं, या पंखापासून त्या पंखापर्यंत सव्वा मीटर. "आई, याचं पहिलं उड्डाण आपल्या बेळगावात करायचं," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी बाई ती. मी हसले खरी. पण आत कुठंतरी चरचरलं.

कारण सांगते. बारावीनंतर तिला विमानाचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं. बेंगळुरूला जायची तिची तयारी होती. आमचे हेही तयार होते. मीच नको म्हटलं. एवढ्या लांब एकटी मुलगी, वसतिगृहातलं जेवण, रात्रीचं खाणं... कारणं पुष्कळ सापडली. तिनं इथंच बी.कॉम. केलं. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की टेबल तिच्या ताब्यात. पहिलं काम, प्रोपेलर काढून बाजूला ठेवला. "तपासताना मोटर चुकून फिरली तर बोटं जातील." चालू करताना रिमोट आधी, विमानाची बॅटरी नंतर, बंद करताना बरोबर उलटं. मग मला विमानामागं उभं केलं. "मी काडी उजवीकडं ढकलते. उजव्या पंखाची पट्टी वर गेली पाहिजे. सांग."

"खाली गेली की गं!"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "बरं झालं, घरात कळलं. तिथं उजवीकडं म्हटलं असतं नि हे डावीकडं वळून आपटलं असतं." तिनं रिमोटमध्ये दिशा बदलली. पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं.

बॅटरी चार्जिंगला लावली, तर ती जागची हलेना. उतू जाईल म्हणून आपण दुधापाशी उभ्या राहतो ना, तशी.

सगळ्यात वेळ गेला तो तोल साधण्यात. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर तिनं खालून दोन ठिपके काढले आणि त्या ठिपक्यांखाली मला दोन बोटं धरायला लावली. शेपूट खाली गेली. बॅटरी पुढं सरकवली, तरी शेपूट खालीच. शेवटी नाकात पाच रुपयांची दोन नाणी चिकटवली, तेव्हा कुठं विमान माझ्या बोटांवर सरळ थांबलं.

"अजून एक नाणं लाव की," मी म्हटलं, "सुरक्षित राहील."

"नाही गं. शेपूट जड झाली तर ते कुणाचं ऐकत नाही. पण नाक फार जड केलं तर उचलतच नाही."

ती सहज बोलली. मी मात्र बराच वेळ बोटं तशीच धरून बसले.

रविवारी पहाटे निघालो. सांबऱ्याला विमानतळ आहे, म्हणून सरकारी नकाशावर हिरवा दिसणारा भाग बघून तिनं गावाबाहेरचं माळरान निवडलं होतं. ओळखीच्यांचंच ते. आधी मी गवतातून फिरून टिटवीची अंडी नाहीत ना, ते पाहिलं. तिनं मला विमानापाशी ठेवलं, रिमोटची ताकद कमी करून तीस पावलं लांब गेली आणि पट्ट्या हलतात का विचारलं. हलत होत्या. मग चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठला ते बघितलं.

"वाऱ्याकडं तोंड करून धर. मी म्हटलं की सरळ पुढं सोड. वर फेकू नको. आणि हात लगेच मागं घे."

मोटर घुमली. हाताला ओढ जाणवली.

"सोड!"

माझी बोटं सुटेनात.

"आई, सोड!"

सोडलं. जरा खाली गेलं, डावीकडं कललं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते आंब्याच्या झाडाच्या वर होतं आणि ती मान वर करून, ओठ घट्ट मिटून रिमोटवरची बारीक बटणं दाबत होती. चार मिनिटं. उतरताना नाक गवतात रुतलं आणि प्रोपेलर मोडला. माझा जीव हळहळला.

तिनं शांतपणे पिशवीतून दुसरा काढला. तसे तीन आणले होते तिनं. मोडणारच, हेही तिच्या तयारीत होतं. माझ्या तयारीत ते कधीच नव्हतं.

"त्या वेळी तुला जाऊ द्यायला हवं होतं गं," मी म्हटलं.

ती प्रोपेलर बसवत होती. मान वर न करताच म्हणाली, "धर आता. या वेळी लवकर सोड."