आमच्या कपाटातली ती ट्यूब

पालकांच्या पानासाठी काहीतरी लिहा, असा शाळेतून बाईंचा निरोप आला. तेव्हा आम्ही दोघी जावांनी ठरवले, की ज्याविषयी आम्ही घरातही हळू आवाजात बोलतो त्याविषयीच लिहावे. विषय मुरुमांचा. हसू नका. आमच्यातली थोरली ३९ वर्षांची, धाकटी ३४ ची आणि दोघींच्याही हनुवटीवर अजून मुरुमे येतात.

सोळाव्या वर्षी आजी म्हणायची, "लग्न झाले की जातील." लग्न झाले, मुले झाली आणि मुरुमेही आमच्याबरोबर धारला सासरी नांदायला आली. मुलतानी माती झाली, कडुनिंबाचा पाला झाला, उष्णतेवर सब्जा झाला. लिंबाने तर चेहरा भाजून निघाला. हळदीकुंकवाला गेलो की वाण नंतर, आधी सल्ला.

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाआधी थोरलीने कोणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. आठ-दहा दिवसांत चेहरा नितळ आणि गोरा! लग्नात सगळ्या बायकांनी ट्यूबचे नाव लिहून घेतले. चार महिन्यांनी मात्र गाल उन्हात पेटू लागले आणि त्यांवर बारीक लव आली. लावणे थांबवले की दोन-तीन दिवसांत आग, लाली आणि दुप्पट मुरुमे. म्हणून पुन्हा तीच ट्यूब.

शेवटी आम्ही साठेक किलोमीटरवरच्या इंदूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरे आम्हालाच वाचायला लावली. त्यात मोमेटासोन होते, म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइड सूज आणि लाली तात्पुरती दाबते, पण रोज लावत राहिले तर त्वचा पातळ होते आणि मुरुमे उलट वाढतात. अशा १४ स्टिरॉइडांची मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा आहे, आमच्या कपाटात ट्यूबही होती.

आणि घरी आल्यावर कळले, की नववीतली आमची मुलगी गणेशोत्सवातल्या नाटकासाठी पंधरा दिवस तीच ट्यूब चोरून लावत होती. थोरली त्या रात्री जेवली नाही. मुलीचे थोडक्यात निभावले. थोरलीचा चेहरा ताळ्यावर यायला मात्र सात महिने लागले.

आता खऱ्या औषधांविषयी. मोठ्या वयात मुरुमे बहुधा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला येतात, पाळीच्या आधी वाढतात. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस येत असतील तर डॉक्टर पीसीओएसची तपासणी सांगतात. लावायला साधारणपणे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अॅडापॅलीन. अॅडापॅलीन रात्री, मटारच्या दाण्याएवढे, सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचे. नुसत्या पुटकुळीवर टिकली लावल्यासारखे नाही. सुरुवातीला त्वचा सोलवटते, म्हणून एक दिवसाआड. फरक दिसायला दोन-तीन महिने. आम्ही तिसऱ्याच आठवड्यात कंटाळलो होतो, हे कबूल करतो. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, हे मात्र आम्हाला पैठणी रंगाच्या नव्या अभ्र्यांनी शिकवले. क्लिंडामायसिनचे जेल एकटेच लावत राहिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून तेही पेरॉक्साइडच्या जोडीने. आणि खोबरेल तेल कपाळावर ओघळू द्यायचे नाही. यावर सासूबाई अजून नाराज आहेत.

धाकटीची गोष्ट वेगळी. तिची मुरुमे खोल, गाठीसारखी, मागे खड्डे ठेवणारी. अशांना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. पण गरोदरपणात त्या घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत. शिवाय यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी. धाकटीला दुसरे मूल हवे आहे. ते तिने तोवर कोणाला सांगितले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हा थोरलीसमोरच सांगावे लागले. गोळ्या बाजूला ठेवल्या. अॅडापॅलीनही गरोदरपणात टाळतात, म्हणून तेही नाही. तिला अॅझेलाइक अॅसिडचे मलम दिले आहे. हळू चालते, पण चालते.

नववीतली आता दहावीत आहे. तिच्या कपाळावर चार पुटकुळ्या आहेत. परवा तिने विचारले, "काकू, मैत्रिणीने एक ट्यूब सांगितली आहे, बघतेस?" दोघींनी चष्मे काढले आणि मागची बारीक अक्षरे वाचायला बसलो.